मोबाइलची पेटी आणि आमचे हे

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीच्या वर्गाचं दार मी बाहेरून पाहिलंय. पण मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, चालू असताना तोंड कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. उलट आमच्या चर्चमध्ये माणूस जितका शिकलेला, तितका त्याचा खिसा बडबडा.

त्या रविवारी काय झालं ते आधी सांगते, म्हणजे पुढे मला दोष देताना तुमचा हात जरा आखडेल. फादरांनी पवित्र भाकर वर उचलली होती. आम्ही सगळे गुडघ्यांवर. त्या घटकेला चर्चमध्ये एवढी शांतता असते की मेणबत्ती जळतानाही ऐकू यावी. मला देवाकडे जे मागायचं असतं ते मी तेव्हाच मागते, कारण एरवी त्याच्याभोवती फार गर्दी. डोळे मिटून मी नुकतं "देवा, ह्यांना" एवढंच म्हटलं होतं, आणि मागच्या बाकावर लग्नाचा बँड सुरू झाला. ढोल, तुतारी, सगळं. शिंप्याचा फोन! बिचारा स्वतःचे कपडे स्वतःच शिवतो, त्यामुळे त्याला खिसे किती आहेत ते त्यालाही ठाऊक नाही. एकेक चाचपत गेला. फोन सापडेपर्यंत वरात चर्चला तीन फेरे घालून गेली होती. माझं मागणं तिथेच राहिलं.

मागणं काय होतं, तेही सांगते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. म्हणजे आहे, पण आता सगळ्या चर्चला कळलंय, तर तुमच्यापासून काय लपवू?

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं बस चालवली. 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी डोक्यावर असायची. हे स्वतःच प्रवाशांशी बोलायचे. घरी आले की राहिलेलं माझ्याशी. मग अकरा महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडले आणि खुबा मोडला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चर्चमधले चौघे म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेतो दर रविवारी. हे म्हणाले, "मी काय पुतळा आहे मिरवायला?" त्यावर मी म्हणाले, आणि इथे खोटं लिहिलं तर पापनिवेदनाला दोनदा जावं लागेल, मी म्हणाले, "मग बसा घरी. देवाचं काही अडलं नाही तुमच्यावाचून."

डिवचायला म्हटलं होतं. डिवचलं की हे उठतात असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव. ह्या खेपेला उठले नाहीत. त्या दिवसापासून तोंड मिटलं ते मिटलंच. "हं." "नको." "ठेव तिथे." ह्याच्यापलीकडे शब्द नाही. डॉक्टरांनी बॅटरी लावून जीभ पाहिली आणि म्हणाले, "जीभ ठणठणीत आहे आजी, मन बसलंय." मन बसलं तर त्याला उठवायचं कसं, ते काही सांगितलं नाही. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या.

तेव्हा दर रविवारी त्या दोन मिनिटांत माझं एकच मागणं: देवा, ह्यांना बोलतं कर. मला शिव्या घातल्या तरी चालतील. आणि त्यातही शिंप्याची वरात यावी? मी चवताळले, त्यात माझं काय चुकलं?

मिस्सा संपल्यावर मी फादरांना गाठलं. आमचे फादर तरुण आहेत, आणि त्यांना 'नाही' म्हणता येत नाही. जो येईल त्याला 'हो' म्हणतात आणि मग कमिटीकडे पाठवतात.

"फादर, चर्चमध्ये फोन बंद म्हणजे बंद झाले पाहिजेत."

"हो मावशी, अगदी बरोबर. लेखी द्या."

कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त कारकून. नोकरी सुटली तरी टेबल सुटलेलं नाही. मी दोन संध्याकाळी खपून अर्ज लिहिला. माझी अक्षरं सुटी पाहिली तर बरी असतात, ओळीत उभी केली की धक्काबुक्की करतात. कारकुनांनी अर्ज लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

"काकू, समास सोडलेला नाही."

"समास सोडला असता तर मजकूर कुठे लिहिला असता?"

"आणि विषय लिहिलेला नाही."

"विषय फोन! आत्तासुद्धा तुमच्या खिशात थरथरतोय तो!"

तिसऱ्या अर्जाला समासही सोडला आणि विषयही लिहिला. मग तीन बैठका झाल्या. आमच्या इमारतीत ही बातमी आधीच पोचली होती, आणि सल्ला ही अशी वस्तू आहे की ती द्यायला कुणी तिसरा मजलाही चढतं. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई, ज्या आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करत आल्या आहेत, म्हणाल्या, "बोर्ड लावा." बोर्ड आधीच होता. 'कृपया मोबाइल बंद ठेवा.' लोक त्याचा मोबाइलवर फोटो काढून घेत. शिंपी पश्चात्तापाने पोळला होता, तो म्हणाला, "काकू, मी प्रत्येकाला एकेक जाड पिशवी शिवून देतो, रजईच्या कापडाची. वाजला तरी आतल्या आत." एकाने असंही सुचवलं की वाजलेला फोन फादरांनी उचलावा आणि पलीकडच्याला प्रवचन ऐकवावं. फादर ह्यालाही 'हो' म्हणाले.

जाताजाता मास्तरीणबाई दारात थबकल्या. "एक सांगू? तुमची सूनबाई तिसऱ्या खांबाला टेकून मिस्साभर फोन धरून उभी असते. मी काही म्हणत नाही हं."

'मी काही म्हणत नाही' म्हणणाऱ्या माणसाइतकं जगात कुणी म्हणत नसेल. मी पहिल्या बाकावर बसणारी बाई, जागा धरायला घरातून तासभर आधी निघते, त्यामुळे मागच्या खांबाशी काय चालतं ते मला दिसत नाही. आणि माझ्याच घरात हे? जेवताना मी विषय काढला.

"चर्चमध्ये पेटी येणार. सगळे फोन तिच्यात. किल्ली माझ्याकडे."

सून एकदम म्हणाली, "आई, पेटी नको ना."

"का नको?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं.

"तसं काही नाही," ती म्हणाली. "ज्यांना गरज असेल त्यांचं काय, एवढंच."

"देवासमोर फोनची गरज ज्याला वाटते त्याला देवाची गरज जास्त आहे," मी म्हटलं. वाक्य मला इतकं आवडलं की बैठकीत पुन्हा वापरलं. कारकुनांनी ते टिपून घेतलं आणि खाली लिहिलं: 'पेटीस सदर बाई जबाबदार.' मला बिल्लाही मिळाला.

पेटी करायचं काम आमच्याच चर्चमधल्या सुताराकडे गेलं. माणूस कसबी, पण गेली वीस वर्षं शवपेट्याच करतोय. मी त्याला नीट समजावलं. चाळीस खण हवेत, झाकण हवं, कुलूप हवं. त्याने सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि मग हाताला जे येतं ते केलं. पेटी आली तेव्हा तिला दोन्ही बाजूंना पितळी कड्या होत्या, झाकण मध्ये फुगीर होतं आणि त्याच्यावर क्रूस होता.

"अहो, ही काय मोबाइलची पेटी झाली?"

"आखूड केलीय की, काकू," सुतार दुखावून म्हणाला. "आतून खण आहेत बघा. अस्तर लावणार होतो, पण म्हटलं फोनला काय टोचणार?"

ती दाराशी ठेवायची ठरलं होतं. पण दाराशी पवित्र पाण्याचं भांडं, सूचनांचा फळा आणि चपलांचा ढीग. पेटी बसेल अशी एकच चौकट चर्चमध्ये होती, चाकांची, वेदीसमोर मधल्या वाटेत उभी असते ती. अंत्यविधीला तिच्यावर काय ठेवतात ते तुम्हाला ठाऊक आहे. कारकून म्हणाले, "तात्पुरतं." अशा रीतीने पेटी माझ्या बाकाच्या हाताशी येऊन बसली, आणि पहिल्या रविवारी एक म्हातारी तिच्यासमोर फुलं ठेवून, डोळे पुसत मला विचारून गेली, "कोण हो? लहान मूल होतं का?"

त्या रविवारी मी बिल्ला लावून, कमरेला किल्ली अडकवून पेटीशी उभी राहिले. लोक रांगेने येत आणि फोन ठेवत. तोंडं अशी, जणू कुणी आपलंच गेलंय. शिंप्याने तीन खिशांतून दोन फोन काढले. फादरांनी आदर्श म्हणून स्वतःचा फोन सर्वांदेखत ठेवला. टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण चर्च म्हणून आवरलं.

सगळ्यात शेवटी आमची सून आली. फोन छातीशी धरलेला.

"आई, एक मिनिट फक्त."

"मिनिट नाही नि अर्धं नाही. मागे लोक बघतायत."

"आई, ऐका तरी..."

मी ऐकलं नाही. तिच्या हातातून फोन घेतला, पालथा करून चाळिसाव्या खणात घातला, झाकण दाबलं आणि किल्ली फिरवली. झाकण घट्ट होतं. सुताराचं काम म्हणजे काम. सून ओठ चावत तिच्या खांबाशी गेली. तिचे डोळे भरले होते. मी मनात म्हटलं, बघा, फोन म्हणजे व्यसन ते हे असं.

मिस्सा सुरू झाली आणि कळलं की गाणीही पेटीतच आहेत. गाण्यांच्या वह्या दोन वर्षांपूर्वी रद्दीत गेल्या होत्या. गायक मंडळींना पहिलं कडवं येत होतं. त्यांनी ते चार वेळा म्हटलं. फादर प्रवचनाला उभे राहिले, खिशात हात घातला, मग पेटीकडे पाहिलं. प्रवचनही पेटीत. शेवटी जे आठवलं ते चार मिनिटांत सांगून बसले. लोक इतके खूश झाले की काय सांगू! शेवटपर्यंत जागं राहून ऐकलेलं कित्येकांचं ते पहिलंच प्रवचन. मी ताठ बसले. मागे वळून मास्तरीणबाईंना एकदा बिल्ला दिसेल असंही केलं.

मग ती घटका आली. फादरांनी भाकर उचलली. आम्ही गुडघ्यांवर. काय ती शांतता! एक खिसा वाजेना. मला वाटलं, हे माझं काम. डोळे मिटले आणि सावकाश, पूर्ण वाक्य म्हटलं, "देवा, ह्यांना बोलतं कर."

पेटी म्हणाली, "अंधार का झालाय?"

सांगते तुम्हाला, तशी किंकाळी मी त्या चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. ती मास्तरीणबाईंची होती. शिंप्याने क्रूसाची खूण इतक्या वेगाने केली की शिवणयंत्र चालल्यासारखं वाटलं. मघाची म्हातारी शांतपणे म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"हॅलो?" पेटी पुन्हा म्हणाली. आवाज मोठा, लाकडातून घुमणारा. "काय गं मुली, खांबामागे गेलीस की काय? गाणी-प्रवचन चाललं होतं म्हणून गप्प बसलो, अजून दिसत नाही काही!"

तो आवाज दुसऱ्या कुणाला नसेल ओळखू आला. मी अकरा महिने त्याचीच वाट बघत होते. माझ्या पाचावर धारण बसली. क्षणभर, देवा माफ कर, मला खरंच वाटलं की मी घरी नसताना काहीतरी झालं, आणि हे पेटीत कसे आले?

मागून सून धावत आली. हळू आवाजात, एका दमात म्हणाली, "आई, बाबा आहेत. फोनवर. दर रविवारी मी त्यांना मिस्सा दाखवते. तुम्ही पुढे निघालात की त्यांचा फोन औषधांच्या डब्याला टेकवून ठेवते. आज लावून झाला होता, बंद करायला दिलाच नाही तुम्ही."

"मला का नाही सांगितलं?"

"ते म्हणाले, तिला सांगू नकोस. म्हणाले, येणार नाही असं बोलून बसलोय, आता कुठल्या तोंडाने सांगणार?"

फादर बिचारे डोळे मिटून मिस्सा पुढे नेत होते. त्यांनी प्रार्थनेची ओळ म्हटली. सगळं चर्च थिजलेलं. उत्तर आलं ते एकट्या पेटीतून, खणखणीत. ह्यांना कमी ऐकू येतं, म्हणून हे मोठ्यांदा बोलतात. पुढची ओळ, पुन्हा पेटी. तिसऱ्या ओळीला लोक पेटीच्या मागोमाग म्हणू लागले. माझे हे! ज्यांच्या तोंडून 'ठेव तिथे'च्या पुढे शब्द निघत नव्हता, ते घरी एकटे बसून दर रविवारी अख्खी मिस्सा म्हणत होते आणि मला पत्ता नाही.

मी तशीच भारावून राहिले असते. पण ह्यांना शांतता मिळाली की बोलायची सवय.

"बरं, ते राहू दे," पेटी म्हणाली. "तुझी सासू दाखव जरा. दर रविवारी दाखवतेस तशी. बसली ना पुढे? मागून बरी दिसते गं ती. मागून बोलत नाही."

चर्च हसलं. वेदीचं भान ठेवून, रुमालात, खोकल्यात, पण हसलं. फादरांचे खांदे हललेले मी स्वतः पाहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच: पेटी मी आणली, किल्ली मी लावली, आणि माझीच लक्तरं क्रूसाखाली टांगली गेली.

मी उठले आणि किल्ली घातली. किल्ली फिरली. झाकण हलेना. सुताराला खूण केली. तो आला, कड्या धरून ओढलं, गुडघा लावला, घामाघूम झाला.

"अहो उघडा ना!"

"काकू," तो कुजबुजला, "माझं झाकण एकदा बसलं की पुन्हा उघडायची आजवर कुणी मागणी केली नव्हती."

शेवटी शिंप्याने कात्रीचं टोक घातलं, सुताराने हिसका दिला, आणि झाकण धडामकन उघडलं. एकोणचाळीस काळे फोन आणि एका फोनच्या कडेने उजेड. मी तो उलटा केला. आतमध्ये ह्यांचं नाक, मग अख्खा चेहरा. दाढी केलेली. रविवारचा इस्त्रीचा शर्ट. आणि मला वाटायचं, हे दिवसभर बनियनवर बसतात. शर्ट पुन्हा घडी घालून ठेवायचं काम सून करत असणार.

ह्यांनी मला पाहिलं. मी ह्यांना पाहिलं.

"अगं, तू?" हे म्हणाले. "बाजूला हो, वेदी दिसत नाही."

अकरा महिन्यांतलं माझ्याशी बोललेलं पहिलं धड वाक्य.

कारकून बाकावरून पुढे झुकले. "काकू, ठरावात अपवादाची तरतूद नाही. फोन बंद करून पेटीत परत..."

फादर थांबले. शंभर डोळे माझ्या बिल्ल्यावर. मी आयुष्यात स्वतःचे शब्द क्वचित गिळलेत. मला त्यांची चव ठाऊक नव्हती. आता झाली. तशी कडू, पण मरत नाही माणूस.

"मग ठरावालाच पाठवा आमच्या घरी," मी म्हटलं. "तिसरा मजला आहे. जिना चढून जाऊ दे."

आणि पहिल्या बाकावर जाऊन, फोन डोक्याच्या वर धरून उभी राहिले. फादर म्हणाले, "हो, मावशी, अगदी बरोबर," आणि मिस्सा पुढे चालू झाली.

फोन हलका असतो म्हणणाऱ्याने तो मिस्साभर वर धरून दाखवावा. मी दुसऱ्या हाताचा टेकू दिला. डोक्यावरून सूचना येत होत्या, "डावीकडे. वर. आता छत दिसतंय." थोड्या वेळाने कुणीतरी माझ्या कोपराखाली हात लावला. सून होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, कारण मला पाहायचं नव्हतं की ती रडतेय, आणि तिने पाहायला नको होतं की मी काय करतेय. प्रसाद घेण्याआधी आम्ही म्हणतो ना, देवा, तू माझ्या घरात यावंस एवढी माझी लायकी नाही, ते हे माझ्या डोक्यावरून म्हणाले.

घरी पोचले तेव्हा मला धाप लागली होती. हे खुर्चीत, शर्ट अंगावरच. आता लपवायचं काय राहिलं होतं? मी दारातच उभी राहिले. वाटेत पाठ केलं होतं, ते एका दमात म्हणून टाकावं म्हटलं.

"मी ते बोलले होते ना तेव्हा. देवाचं अडत नाही वगैरे. ते मी..."

"तू खूप बोलतेस," हे म्हणाले. "त्यातलं नेमकं कुठलं?"

ह्यांना नेमकं कुठलं ते चांगलं ठाऊक होतं. पण तेवढं म्हणून त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि सुरू झाले. फोन धरायची ही काय पद्धत? अर्धी मिस्सा पंखाच दिसला. फादर बारीक झालेत. गाणाऱ्यांचा सूर पहिल्या कडव्यालाच घसरला होता, तरी तेच चारदा. त्या सुताराला पेटीचं झाकण कसं बसवतात ते कळत नाही, मला विचारायचं होतं, बसच्या बॉनेटचं झाकण मी चौतीस वर्षं उघडलंय. आणि ते चौघे, खुर्ची उचलणारे, अजून आहेत का सगळे? त्यांतला तो जाडा पुढे नको, मागे ठेवा, नाहीतर जिन्यात मी पुढे कलंडेन.

चहा निवला. सून दुसरा घेऊन आली, तोही निवला. माझ्या जिभेच्या टोकाशी पाच-सहा उत्तरं येऊन बसली होती, एकाहून एक तिखट. तशीच बसू दिली त्यांना.